पलीकडचा काठ

अंबूबाई भावाकडं पुण्याला निघाली होती. पिंपरीच्या थांब्यावर तिच्या शेजारी दोन बायका बसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी भेटल्या असाव्यात.

"गोदे, तुझी लेक हौसा कशी हाय?"

"न्हाई राहिली. पंधरवडा झाला. भाजून गेली."

"काय सांगतीस?"

"चुलीपाशी पदर पेटला म्हणत्यात."

"आन तुला काय वाटतं?"

"मला काय कळावं? तिच्या सासरी मला दारात उभं करत न्हवते. आमची गाठ पडायची ती नदीवर. ती पिंपरीच्या काठाला धुणं आणायची, मी रहाटणीच्या. पाणी उतरलं की मी पलीकडं जायची."

"सांगायची का काही?"

"सांगायची न्हाई. धुताना बाह्या वर सारल्या की दिसायचं. एकदा वळ दिसले, तवा काठावरच्या बायांनीच तिच्या सासूला गाठून झापलं. म्हैनाभर कुणी हात लावला न्हाई तिला."

"मग?"

"मग त्या काठाला कारखान्याचं तारेचं कुंपण आलं. वाट बंद झाली. तिच्या घरच्यांनी परसात आड खणला. सुनेची पायपीट वाचली, म्हणाले."

"आन तू?"

"मी जायची की रोज. पलीकडं कुणी नसायचं."

पुण्याची गाडी आली. त्या दोघी चढल्या.

"मावशी, पुण्याला ना? चढा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"न्हाई," अंबूबाई म्हणाली. "चाकणची गाडी कुठनं मिळंल? लेक दिलीया तिथं. दिवाळीला धाडली न्हाई त्यांनी."