मीठ शेवटी

अगं थांब, मीठ नको घालूस अजून— खाली ठेव तो डबा. आत्ता घातलंस की पीठ बसतं, आणि बसलेल्या पिठाचा अकारा म्हणजे वडा नव्हे, तळलेला दगड. पहिला घाणा वाया गेलाच, तो बघ त्या ताटलीत. माझीच चूक. या घरात चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, वाटायची ती मी, आणि फेटायची थोरलीने, अबेनीने. मीठही तिच्याच हातचं. माझा हात मिठाकडे गेला की ती मनगटावर डाव मारायची. आज कोणी मारला नाही, मग घातलं.

तू फेट, मोरेनिके. तुझ्या दंडात जोर आहे. पोर पाठीवर झोपलंय ना? झोपू दे, हेलकाव्याने उलट बरं वाटेल त्याला— हां, एकाच बाजूने, वारा भरला पाहिजे पिठात. काय म्हणालीस? बहिणी? आम्ही? भाड्याने आल्यापासून रोज आमची भांडणं ऐकतेस आणि तुला बहिणी वाटलो? सवती गं आम्ही. तिला मूल होईना म्हणून नवऱ्याने मला आणली, आणि मला तरी कुठे झालं? 'आली मोठी पाळणा हलवणारी' म्हणायची, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. मीही काही कमी नव्हते. मग नवरा गेला. आता भांडायचं कशावरून? पण भांडलो. कांद्यावरून, उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यावरून, कशावरूनही— नाहीतर दिवसभर बोलायचं कुणाशी, सांग ना.

काल तिला मातीआड केली, आणि परत येताना ती कोपऱ्यावरची सिकिरात काय म्हणते? 'मूलबाळ नाही, मग अकारा कोण तळणार?' हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतकं हळू. आता म्हातारं माणूस गेलं की पोरानातवंडांनी तळून घरोघर वाटायचा, ही रीत मला शिकवते का ती? सवतीने तळायचा नसतो, हेही ठाऊक आहे. नसू दे. या इबादान शहरात एवढं आयुष्य काढलेली बाई अशी गुपचूप जाईल का, दोन घास कोणाच्या तोंडात न पडता? कुत्र्यामांजरासारखी? माझ्याशी भांडून भांडून म्हातारी झाली ती. तिच्यावर हक्क माझा नाही तर कुणाचा?

धूर गं, धूर लागला डोळ्यांना. पामचं लाल तेल फार तापलं की असंच होतं— लाकूड ओढ जरा बाहेर.

ती म्हणायची, 'तू आधी मर, मी तुझा अकारा तळते, कापसासारखा. मी आधी गेले तर तू लोकांचे दात पाडशील.' आणि गेली की आधी. सगळ्यात पुढे पुढे करायची खोड, यातही केलीच. सकाळी चवळी वाटून झाली आणि मी हाक मारली बघ, 'ये गं, फेटायला घे.' मारली आणि तशीच बसून राहिले. तेवढ्यात तू आलीस, काडेपेटी मागायला.

आता टाक मीठ. चिमटीने. सोड बघू एक तेलात— फुगला. बघ फुगला. घे, ही परात घे, सिकिरातच्या दारापासून सुरू कर. कुणाचा म्हणून विचारलं तर अबेनीचा म्हणायचं, मोठ्याने. कुणी तळला विचारलं तर सांग, घरच्यांनी. माझ्या वेळी कोण तळेल? ते मी कुठे विचारलं तुला? मी आपली बोलतेय. तू भाडेकरू, आज इथे उद्या तिथे.

पण मीठ कधी घालायचं, सांग बरं.

हं. शेवटी. विसरू नकोस. जा आता, गार होतील.