तळ्याच्या कडेची वाट

कळसच्या एसटी थांब्यावर इब्राहिम मास्तर पांढऱ्या फक्कीची पिशवी पायाशी ठेवून इंदापूरच्या गाडीची वाट बघत होते. उद्याच्या मुलींच्या धावण्याच्या शर्यतीचा मार्ग त्यांनीच दुपारी आखला होता. जुन्या बारवेपासून रानातून निघायचं, वाळलेलं तळं ओलांडायचं आणि पडक्या बुरजाशी थांबायचं. सगळं चोख झालं होतं. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची नात बोलत होत्या.

"आज्जे, पांढरी रेघ तळ्यातनं जातीया."

"जाऊ दे. तू कडंनं पळ."

"लांब पडंल की."

"पडू दे. तळं वरनं वाळलंय, आत चिखल हाय. चाळीस वर्सं मेंढरं चारली म्या तितं. एक मेंढरू मधनं गेलं न्हाय."

"रेघ सोडली तर बाद करत्यात."

"मग बाद हो. पाय मोडून घरी यिऊ नगंस."

"आन् बाकीच्या पोरी?"



"रेघ मारणाऱ्यानं आत पाय टाकून बघितला आसंल की."

"न्हाय. रेघ ह्या काठापतुर हाय, मग पल्याड पुन्यांदा सुरू. मधी फक्की न्हाय, पायाचा ठसा बी न्हाय."

"मग पल्याड गेला कुठनं त्यो?"

"कडंनं."

इंदापूरची गाडी आली, थांबली आणि गेली. मास्तर पिशवी खांद्यावर टाकून मागं वळले.

"आजी, तुमची मेंढरं कुठल्या अंगानं जायची, तेवढं सांगता?"

म्हातारीनं फक्कीनं पांढरे झालेले त्यांचे बूट न्याहाळले.

"तुमी गेलात त्याच अंगानं, मास्तर."