नत्थूजीचा तीन-आवाजी डबा

नाही गा, टेबलावर नको. इथं पाटावर ठेव, माह्या डब्याच्या बाजूले — हां, असा. आता दोघे एका ओळीत आले. हा तुहा सिंगापूरचा, साळ्यानं आणून दिलेला, अन् हा माहा, इथंच पाचपावलीत बनलेला. बस न. मले राग नाही आला, ओमप्रकाश. राग काहून येईन? तुले दोन्ही डबे पारखायचे आहेत, तर पारख. उमरेडचा कार्यक्रम तोंडावर आला — गिटारचा आवाज बदलायले तुह्या पायाखाली कोणता डबा राहीन ते तुले आज ठरवायचं आहे. अन् मले हेही माहीत आहे, तू माहा डबा सोडला का तुह्यामागून बाकीचे गिटारवाले सोडतात. मंग नत्थूजी बसला आपला रेडिओचे खटके बदलत, अन् रेडिओ तरी कोण आणते आता दुरुस्तीले. असो. ते माहं दुखणं, तुले काहून सांगून राहिलो मी.

दिसायले तुहा चांगला आहे, खोटं कशाले बोलू. हलका आहे. जेवणाच्या डब्याहून लहान. किती आवाज आहेत म्हणतोस यात? तो फाटका आवाज, फझ. तो रडल्यावानी वाकणारा, वा-वा. हा थरथरणारा. अन् घुमून परत येणारा इको — म्हणजे चार. माह्यात तीनच. इको मले नाही जमला, लय खटपट केली, नाही जमला. पण माहा डबा यायच्या आधी काय होतं, आठवते? एकेका आवाजाचा एकेक डबा, याची वायर त्यात, त्याची वायर याच्यात, सारं पोत्यात भरून यष्टीच्या टपावर — अन् उतरवून पाहावं तर एक तरी वायर तुटलेली. मी ते सारं एका टिनाच्या डब्यात बसवलं. अन् ही तुह्या डब्याची बटनं पाह्य. ही चिमुकली. बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर बुटातला पाय होता. तुमी तर स्टेजवर चपला काढून चढता — समोर फोटो असते, हार असते, उदबत्ती असते, चप्पल घालून कोण उभा राहीन तिथं? अनवाणी अंगठ्यानं दाबून पाह्य एकदा. — रुतलं न? माह्या डब्यावर कपाटाच्या लाकडी मुठी कापून लावल्या आहेत मी. रात्रभर दाबल्या तरी अंगठा दुखत नाही.

पण तू बटनासाठी नाही आला. आवाजासाठी आला. लाव मंग. पहिले तुहा. — हां, वाजव. — अजून एकदा. — बस. आता मी काय सांगू? तुले आवडला असन. मले तर तोंडाले पदर लावून कोणी बोलून राहिलं असं वाटलं. दबून राहिला आवाज. एवढा दुरून आला अन् दबून राहिला. आता माहा लाव. ती पांढरी मूठ दाब. वाजव. — हां. — हां, हे पाह्य. अजून. खरं म्हणजे याच्यातही थोडी धार कमीच आहे, पण त्यात माही चूक नाही, आताची ट्रान्झिस्टरं हलकी निघून राहिली. पहिले कसं होतं, मी आतला धारेचा स्क्रू अर्धा फिरवला का आवाज बरोबर चुरचुरे. तिथंच थांबायचं, वर लाखेचा थेंब टाकायचा, म्हणजे स्क्रू हलत नाही. मीटर-बिटर आपल्याजवळ कधीच नव्हता, सारं कानावर. आता तोच चुरचुर काढायले स्क्रू पुरा फिरवा लागते, तरी येत नाही मेला. इतवारीतल्या दुकानदाराशी भांडून आलो मी, म्हटलं तू मले नकली माल देऊन राहिला. बिचारा शपथा खाऊन राहिला होता — तू खाली काहून पाहून राहिला? तार गेली का? नाही न? मंग वाजव. जोरानं वाजव.

काय झालं वं बायजे? ही आतून कान झाकून काहून आली? — काय म्हणते? अवं, मोठ्यानं बोल. हिचं आजकाल असंच आहे, ओमप्रकाश, तोंडातल्या तोंडात बोलते. मले वाटलं रुसली असन. इतक्या वर्षांच्या संसारात बाई रुसली तर आपण विचारत नाही, आपोआप निवळते. अन् तो कुकर — त्याची शिट्टी बिघडली म्हणून मी नवी आणली, ती बिघडली तर अजून एक आणली. ही म्हणे वाजते, मी म्हणो कुठं वाजते, भात करपवशीन एखाद्या दिवशी — तू तारांवरून हात काहून काढला? मी कुठं थांब म्हटलं? अन् दोघं एकमेकांकडं काय पाहून राहिले तुमी?

थांब. वाजवू नको. थांब जरा.

एक गोष्ट सांग मले. आता जे वाजवलं, ते तुले कसं लागलं? — मान नको हलवू, तोंडानं सांग. — कानाले टोचते? हिच्यावानी, कान झाकावे असं टोचते? — हं. अन् तुहा तो सिंगापूरचा, जो मले दबलेला वाटला, तो बरोबर वाजते. — कधीपासून, ओमप्रकाश? मागच्या वर्षीच्या डब्यापासून? त्याच्या आधीपासून?

मंग तो टॉवेल. प्रताप नगरच्या गणपतीत तुमच्या स्पीकरवर ओला टॉवेल टांगला होता. मी समोरच बसलो होतो, म्हटलं पोट्टे शहाणे आहेत, धूळ जाऊ नये म्हणून टांगला. तो धुळीसाठी नव्हता. माहा आवाज झाकून राहिले होते तुमी. तुमच्या साऱ्या गाण्याच्या पार्टीले माहीत होतं, फक्त मले नाही. अन् मध्येच मले स्टेजवर बोलावलं, माह्या हातात सत्काराचा नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टॉवेल टांगून नारळ दिला गा मले.

नाही, तू काहून माफी मागतो? तुमाले वाटलं म्हाताऱ्याचं मन दुखीन. मी तुमच्या जागी असतो तर मीही टॉवेलच टांगला असता. पण एका शब्दानं सांगायचं न कोणी. मी तिकडं दुकानदाराले चोर म्हणून आलो. घरात हिच्याशी अबोला धरला, का ही आपल्याशी धड बोलत नाही म्हणून. ही बोलतच होती. एवढे दिवस ही बोलत होती अन् मी — जाऊ दे.

तो पाह्य कपाटावरचा डबा. कुहीच्या गोविंदाचा. धानाची रोवणी संपली का घेऊन जातो म्हटला होता, उद्या येऊन राहिला. त्याले लग्नात वाजवायचं आहे, बहिणीच्या. मी सारे स्क्रू पुरे फिरवले, लाख लावली, वरून पुसूनही ठेवला. त्याची पार्टी नाही तुमच्यासारखी, एकटा पोट्टा आहे, त्याले वाटीन आपला हातच बिघडला. तो माह्यावर शक नाही घेणार, स्वतःवर घेईन. वाजवणं सोडून देईन एखाद्या वेळेस. असा डबा देऊ त्याले?

तू तुहा घेऊन जा. उमरेडले तोच लाव, मी खरं सांगून राहिलो, रागानं नाही. माहा इथंच राहू दे. कानाच्या डॉक्टरचं नंतर पाहू, आता नको बोलू त्याचं.

बायजे, इकडं ये वं. बस इथं, माह्यासमोर. भिऊ नको, तुले काही वाजवायचं नाही. ही एका तारेची गिटार आहे, तार मी छेडतो, अन् हा गोविंदाचा डबा. पाह्य, लाख फोडली मी. आता स्क्रू मी उलटा फिरवत जातो. जोपर्यंत कानाले टोचते तोपर्यंत हात वर ठेवायचा. तेलात कांदा पडल्यावर जसं होते, कच्चाही नाही, करपूनही नाही, तसं वाटलं का खाली घ्यायचा. — गाण्यातलं नाही समजत तर नको समजू. कांद्याचं समजते न? बस, तेवढंच पाहिजे. माह्या तोंडाकडं नको पाहू, मी काही सांगणार नाही. तू सांगायचं.

हां. वर आहे. — अजून वर आहे. — अजून. —

तू काहून उभा आहे, ओमप्रकाश? जा गा आता. अन् जाताना दार ओढून घे, रस्त्याचा गलका येते. हिले ऐकू येत नाही.