गेटवरचा बदलीवाला

नाना : म्हणजे संपावर तू. मग कामगार कोण?

सुगत : मीच.

नाना : आणि मालक?

सुगत : नाना, यात मालक नसतो. ओपन सोर्स आहे. भरती-ओहोटी सांगणारा प्रोग्राम मी लिहिला. कोणीही फुकट वापरावा, कोणीही दुरुस्ती करून पाठवावी. ती आत घ्यायची की नाही, ते मी ठरवतो.

नाना : मग तूच मालक.

सुगत : पगार कुठाय मला?

नाना : बिनपगारी मालक, बिनपगारी कामगार, दोघं एकाच बनियनमध्ये. कोणाच्या नावाने घोषणा द्यायच्या तेवढं सांग.

सुगत : तुम्हाला हसायला काय जातंय? इंडोनेशियातला एक जण लिहितो, तुझ्यामुळे माझी बोट चिखलात बसली, आजच्या आज सुधार. थँक्यू नाही की काही नाही. म्हणून सगळं बंद. नवीन काहीच आत घेणार नाही.

(दार वाजतं. ओल्या बोंबलांची पिशवी घेऊन हरेश्वर उंबऱ्यात.)

हरेश्वर : सुगत इथेच ना? मी हरेश्वर, वरळी कोळीवाड्यातला. तुझ्या प्रोग्रामात तिथी बसवून पाठवलीय. आठ महिने झाले, उत्तर नाही.

सुगत : तू तो? मला हुकूमशहा लिहिणारा?

हरेश्वर : आणि तू लिहिलंस, इथे मासळीबाजार करू नका. माझी आई मासळीबाजारात बसते. तिच्याइतकी शिस्त तुझ्या प्रोग्रामात नाय.

नाना : थांब. तू याचं काम फुकटात करून आणलंस, आणि हा घेत नाही?

हरेश्वर : तेच तर, काका.

नाना : अरे, मग हा बदलीवाला. मिलच्या गेटवर सकाळी असेच उभे असायचे, कोणाचा खाडा पडला तर आत घ्या म्हणून. ये, बस. नाही, नको. संप चालू आहे. उंबऱ्याबाहेरच थांब.

हरेश्वर : आणि बोंबील?

नाना : बोंबलांना आत येऊ दे. ते कुठल्या युनियनचे नाहीत.

हरेश्वर : हे बघ सुगत, नारळी पुनवेनंतर होड्या बाहेर पडतील. आमचा बा तारीख बघत नाय, तिथी बघतो. अष्टमीला भांग, पाणी सुस्त. पुनवेला उधाण. तिथी नसेल तर कोळीवाड्यात तुझा प्रोग्राम कोण उघडणार? नाहीतर मी त्याची कॉपी काढून वेगळी चूल मांडतो.

सुगत : मांड. या खोलीतून पंचांग माझ्या आजोबांनी, या नानांच्या वडिलांनी, बौद्ध धम्म घेतला तेव्हाच बाहेर काढलं. मी ते मागच्या दाराने आणणार नाही.

हरेश्वर : पंचांग कोणी मागितलं? मी चंद्र मागतोय. तो काय भटजीने ठेवलाय?

नाना : सुगत, बुद्धपौर्णिमेची रजा कशी टाकतोस?

सुगत : कॅलेंडर बघून.

नाना : आणि कॅलेंडरवाला काय बघतो?

सुगत : तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?

नाना : संपाच्या. ब्याऐंशीच्या मिल संपात आम्हीपण म्हणायचो, आमच्याशिवाय चाक फिरणार नाही. नाहीच फिरलं. मालकांनी चाक भंगारात काढलं. तो समोरचा टॉवर बघ, त्याच्या पार्किंगच्या जागी माझं विणकाम खातं होतं.

हरेश्वर : मला वेगळी चूल नकोय रे. मांडली तरी एकट्याला जमणार नाय. तुझं ते भरतीचं गणित मला अर्धंच कळतं. मी फक्त वर तिथी जोडलीय.

सुगत : माहितीय. एका दिवसात दोन तिथ्या आल्या की तुझं कोड अडखळतं.

हरेश्वर : तू वाचलंस?

सुगत : आलं त्याच दिवशी.

हरेश्वर : आणि आठ महिने गप्प?

सुगत : एवढंच चुकलं होतं. बाकी चांगलं होतं, म्हणून नाकारताही येईना.

हरेश्वर : दोन तिथ्यांचं तुला पंचांग न बघता कळलं?

सुगत : आत ये. लॅपटॉप आण तुझा.

नाना : संप फोडतोस?

सुगत : फोडत नाही. रीतसर मागे घेतो. नाना, संप मागे कसा घेतात?

नाना : मला काय विचारतोस? आमचा अजून चालू आहे.