पहिल्या खळग्यातली ताई

"मी कुठे जात नाही गं, तुझ्या फ्रीजमध्येच बसलेय," असं माझी थोरली बहीण रक्त देताना म्हणाली होती. जबाब तिथूनच सुरू होतो असं मी सांगितलं, म्हणून हवालदारांनी तसं लिहून घेतलं आहे.

मी, वय सेहेचाळीस, धंदा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, राहणार प्रयोगशाळेमागच्या गल्लीत, समक्ष हजर राहून सांगते की, आमच्याकडे सांध्यांच्या एका आजाराची चाचणी होते. प्लॅस्टिकच्या ताटलीत ओळीने लहान खळगे असतात. प्रत्येकात एकेका रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब. आजार असेल तर खळगा निळा होतो. पहिल्या खळग्यात मात्र ज्याला आजार होता हे पक्कं ठाऊक आहे, अशा माणसाचा थेंब घालतात. तो निळा झाला नाही, तर ताटलीतला एकही निकाल धरत नाहीत. आमच्याकडे तो थेंब ताईचा. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

ताटली अंधारात ठेवतात. झाकण काढलं की पाण्यात सांज उतरावी तसा रंग चढत असतो. डॉक्टर दारातूनच विचारतात, "ताई उगवल्या का?" मी म्हणते, "उगवतायत. घाई केलेली त्यांना चालत नाही."

सोमवारी जुना फ्रीज बर्फ वितळवायला व्हरांड्यात काढला. सगळ्यांनी आपापले नमुने नव्या फ्रीजमध्ये हलवले. ताईच्या शेवटच्या कुपीला कुणी हात लावला नाही. तिला मीच नेणार, असं सगळे धरून चालले. मला वाटलं, तिला कुणीतरी सगळ्यांत आधी नेलं असेल. तो फ्रीज भंगारवाल्याने टाकून दिलेला समजून उचलला. डॉक्टरांनी चोरीची फिर्याद दिली.

आज फ्रीज त्याच्या दुकानात मिळाला. कुपी आतच होती, कोमट. त्याने विचारलं, "बाई, बाटलीत काही किमती होतं का?"

"नाही हो. घरचंच माणूस."

त्याने मला बसायला स्टूल दिलं. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. कुपी मुद्देमाल म्हणून लाखेने सील केली आहे.

इथवरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. सही करण्याआधी एक विनंती. कुपीतला एक थेंब मला द्यावा. त्यावर कुणाचा निकाल लावायचा नाही. ऊब लागलेला थेंब बहुधा रंग धरत नाही, हे मला कळतं. तरी एकदा अंधारात ठेवून बघायचं आहे. सील फोडता येत नाही, असं हवालदारांनी मला दोनदा समजावलं आहे. तरीही विनंती लिहून घ्यावी.