खांबाला न जमणारा सूर

मंडळी, एक सांगा. माणूस चुकला, मग काहीतरी देऊन त्यानं ती चूक भरून काढली. तेवढ्यानं भांडण मिटतं का?

माना हलताहेत, पण दोन्हीकडे! मग ऐका. इंग्रजीत एक क्रियापद आहे, ‘ॲटोन’. — अहो, उठू नका, प्रसाद शेवटीच आहे. — आज त्याचा अर्थ केलेल्या चुकीची भरपाई करणं. पण तो शब्द जन्मला ‘ॲट’ आणि ‘वन’ जोडून. वन म्हणजे एक हो, झाडांचं वन नव्हे! पूर्वी त्याचा अर्थ होता, दुरावलेल्यांना पुन्हा एक करणं. आज एक होणं मागे पडलं, भरपाई तेवढी उरली.

तसंच झालं महादबा गुरवांचं. ते देवीपुढे सनई वाजवायचे. मागे धाकटा भाऊ यशवंता दुसऱ्या सनईवर सूर धरायचा — एकच, अखंड. एकदा सभामंडपात कुणी यशवंताचं कौतुक केलं. महादबांना ते टोचलं. म्हणाले, “त्यात काय? एकच सूर तर धरायचा. हा खांबसुद्धा धरेल.”

लोक हसले. यशवंता उठला, तो शेजारगावच्या देवळात जाऊन वाजवू लागला. एकटाच. इकडे महादबाही एकटे. सुराशिवाय सनई म्हणजे मिठाशिवाय वरण!

महादबांनी फेटा पाठवला. परत आला. नवी सनई पाठवली — तीही परत! “अजून काय देऊ याला?” म्हणाले. बघा, देणं चाललंय. एक कोण होतंय?

शेवटी एका पहाटे ते स्वतः गेले. यशवंता काकड आरतीला वाजवत होता. महादबा त्याच्या मागे बसले आणि सोबत आणलेल्या दुसऱ्या सनईवर सूर धरला. यशवंतानं वळून पाहिलं नाही, पण त्याची सनई खुलली. इकडे महादबांचे गाल भरून आले, डोळ्यांत पाणी. दम घ्यावा तर सूर तुटतो! तुटलाच.

आरती संपली. यशवंतानं विचारलं, “दादा, दम पुरला का?”

“नाही रे,” महादबा धापा टाकत म्हणाले. “खांबाला नाही जमायचं हे.”

यशवंतानं त्यांच्या हातची सुराची सनई काढून घेतली, आपली त्यांना दिली. “चला. आपल्या देवीची आरती राहिलीय.”

मंडळी, मला इथून सगळं दिसतं. कोण कुणाकडे पाठ करून बसलंय, तेही. आता प्रसादाला रांग लागेल. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या मागे उभे राहा. पुढे नाही हं — मागे!