टोचणारा बनियन नको

कोल्हापुरात तिबेटी लोकांनी स्वेटरची दुकानं मांडून दोनच दिवस झाले होते. केरबा मफलर घ्यायला रांगेत उभा होता. पुढं आजऱ्याकडची एक बाई दुकानवालीशी बोलत होती.

“आतनं घालायचा बनियन दाव. आमचं मालक भाताच्या राखणीला जात्यात. डुकरामागं पळून घामाघूम हुत्यात, मग शेतातल्या माळ्यावर गार वाऱ्यात बसत्यात. गेल्या साली न्युमोनिया झालता. मरता मरता वाचलं.”

“सुती नको. भिजतो, गार होतो. हा मेरिनो लोकर घ्या. घामात पण गरम, वास पण नाही.”

“ते ब्येस. डुक्कर लांबनं वास धरतंय. पर टोचंल की! टोचलं तर ह्यो बाबा काढून झाडाला टांगतोय.”

“हा टोचत नाही.”

“तू इकणारी, तू तसंच म्हणणार. ओ पावणं, तुम्ही जरा हात घाला ह्यात. माझ्या राठ हाताला काय कळतंय?”

केरबानं बाही वर सारून हात आत घातला.

“टोचतंय?”

“न्हाई.”

“खरं सांगा.”

“खरंच न्हाई. मऊ हाय.”

“आता छातीला लावा. मालक तुमच्याच अंगाचं हाईत. बसतोय की! दे गं ह्यो. पावणं, तुम्हीबी घ्या एक. का मालकीण आणती?”

“आणायची. शिमग्यात वारली.”

बाई दुकानवालीकडं वळली.

“अगं, ह्याच मापाचा आणि एक काढ. आन् पावणं, अंगात घाला बरं का. पेटीत ठिवू नका.”